आईचा सरकारी पगार

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी रेखा परवा भांडी विसळता विसळता म्हणाली, "ताई, पगार वाढवा, मी नाही कशाला म्हणू? पण कुठं लिहू-बिहू नका हं. नाहीतर माझे ते बायकांचे महिन्याचे पैसे बंद पडायचे." मी चहाचा कप खाली ठेवला आणि अशी काही हसत सुटले, की ती नळ बंद करून माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं, मी तिची टिंगल करतेय. तसं नव्हतं गं बाई. मला माझी आई दिसली होती, आणि तिच्याशेजारी एकोणीस वर्षांची मी, दोघी कपाळाला आठ्या घालून बसलेल्या. रेखाला म्हटलं, बस पाच मिनिटं, एक गंमत सांगते. पण तिला अजून दोन घरची कामं उरकायची होती. मी कंपनीतून मोकळी झाल्यापासून मला वेळच वेळ आहे. तेव्हा रेखाला ऐकायला जमेल तेव्हा जमेल, तोवर लिहून तरी ठेवते.

तेव्हा आम्ही चिखलीत राहायचो, आप्पांच्या चाळीत. आप्पा म्हणजे गावातले जुने शेतकरी. अर्ध्या एकरात त्यांनी पत्र्याच्या दहा खोल्या काढल्या होत्या आणि उरलेल्या तुकड्यात एका वर्कशॉपवाल्याला शेड भाड्याने दिली होती. त्या शेडमध्ये पॉवर प्रेस होता. तो सकाळी आठला धाडकन सुरू झाला की आमच्या फळीवरचे डबे थरथरायला लागायचे. दर पाच-दहा मिनिटांनी एखादा पेला पुढे सरकत सरकत कडेला यायचा आणि आई भाकरी थापता थापता, वर न बघता, डाव्या हाताने तो मागे ढकलायची. आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय, की गुरुवारी कारखान्यांची सुट्टी असायची त्या दिवशी चाळीतली तान्ही पोरं झोपायची नाहीत. आम्ही मूळचे लातूरकडचे. त्यामुळे सगळ्या चाळीत येसराची आमटी फक्त आमच्या घरी व्हायची, आणि तिचा वास सुटला की शेजारच्या कोकणातल्या वहिनी वाटी घेऊन दारात हजर. बदल्यात त्या आम्हाला सोलकढी द्यायच्या. ती आईने आयुष्यात कधी प्यायली नाही, पण नको असंही कधी म्हणाली नाही. मुकाट्याने मला आणि छायाला वाटून द्यायची.

छाया माझी धाकटी बहीण, तेव्हा नववीत. वडील आम्ही दोघी शाळेत असतानाच गेले. घरात आम्ही तिघीच. आई वर्कशॉपवाल्याकडून रबराच्या वायसरी, म्हणजे यंत्रात बसवायच्या गोल चकत्या, घरी आणायची, पोत्याने. साच्यातून निघालेल्या वायसरीला कडेने पातळ झालर असते, ती कात्रीने कातरायची. किलोवर पैसे. संध्याकाळी आम्ही तिघी पोत्याभोवती बसायचो आणि कातरता कातरता दुनियेच्या गप्पा मारायचो. हाताला रबराचा वास इतका मुरलेला, की छाया म्हणायची, आमच्या घरच्या भाकरीला पंक्चरच्या दुकानाची चव आहे. आई तिला हातातली वायसर फेकून मारायची. नेम चुकायचाच, कारण तो चुकवण्यासाठीच धरलेला असायचा.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आईला निराधारचा पगार होता. विधवा बाईला, जिच्या घरी कमावतं माणूस नाही आणि उत्पन्न अगदी कमी आहे, तिला सरकार महिन्याला थोडे पैसे देतं. सरकारी कागदावर त्याला काहीही म्हणोत, आमच्याकडच्या सगळ्या बायका त्याला पगारच म्हणायच्या. आणि तो पगार आणताना आईच्या चपला झिजल्या होत्या. दोन वर्षं! तलाठ्याकडे जा, तिथून तहसील कचेरीत जा, मृत्यूचा दाखला आण, रहिवासाचा आण, साहेब दौऱ्यावर, साहेब रजेवर, फोटो जुना झाला, नवा काढा. ज्या दिवशी पोस्टमनने पहिल्यांदा चाळीत येऊन "शेवंताबाई ज्ञानोबा कोण?" म्हणून हाक मारली, त्या दिवशी आईने हातातलं पीठही धुतलं नाही, तशीच धावली. तिचं अख्खं नाव इतक्या मोठ्याने कुणी उच्चारलेलं तिने त्याआधी ऐकलंच नव्हतं. एरवी ती कुणाची तरी सून, कुणाची तरी बायको, नाहीतर मंगलची, म्हणजे माझी, आई. त्या पैशात महिन्याचं तेल, चहा-साखर आणि अंगाला-धुण्याला साबण एवढंच भागायचं, पण ऐट विचाराल तर कुठल्या साहेबाची नसेल! पोस्टमनला उशीर झाला की ही दारात उभी राहून विचारायची, "काय राव, आमचा पगार कुठं आडवला?"

दुसरं म्हणजे आमचं पिवळं रेशन कार्ड. पिवळं म्हणजे सगळ्यात गरिबांचं, त्यावर गहू-तांदूळ अगदी स्वस्तात. त्याच्या वर केशरी, आणि त्याच्या वर पांढरं. मजा अशी, की दहा खोल्यांचं भाडं खाणाऱ्या आमच्या आप्पांचंही कार्ड पिवळंच होतं. पहिल्यांदा रेशनच्या रांगेत ते आईच्या पुढे उभे दिसले तेव्हा आई भांबावली. आप्पा मात्र जराही न लाजता म्हणाले, "आगं, आमी शेतकरी मानसं. खोल्या हायेत, पर सातबाऱ्यावर अजून ज्वारीच हाय की!" तिसरी गोष्ट छायाची शाळेची फी. आईच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर ती माफ व्हायची. तर पगार, कार्ड आणि फी, या तीन गोष्टींवर आमचं घर उभं होतं. आणि आमची तिघींची पक्की समजूत अशी, की एका दाखल्यावर तिन्ही गोष्टी येतात म्हणजे एका दाखल्यावर तिन्ही जातात. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. चाळीतल्या सगळ्यांनाच तसं वाटायचं, म्हणून आम्हालाही वाटायचं.

बारावी झाल्यावर मी चाकणच्या एका कंपनीत लागले. गाड्यांच्या आत जे वायरींचे जुडगे असतात ते तिथे बनायचे. मोठ्या तिरक्या फळीवर, तिला आम्ही बोर्ड म्हणायचो, खुंट्या मारलेल्या, त्यावरून लाल, निळी, हिरवी-पांढरी अशी एकेक वायर ठरल्या वाटेने न्यायची आणि टेप गुंडाळायची. सगळ्या पोरीच. मी ठेकेदाराकडून लागलेली. महिन्याला पाकिटात पैसे मिळायचे, पावती नाही की काही नाही, आणि माल कमी असला की आठ-आठ दिवस घरी बसायचं. त्यामुळे तलाठी दाखल्यावर 'मुलगी मिळेल तेव्हा रोजंदारी करते' एवढंच लिहायचे, आणि ते खरंच होतं. मला ते काम मनापासून आवडायचं. माझा हात चालायचाही वेगात. एक दिवस आमच्या बोर्डावर वरचे साहेब येऊन घड्याळ लावून उभे राहिले, आणि पुढच्या सोमवारी नोटीस बोर्डावर परमनंट होणाऱ्यांची यादी लागली. सहा नावं. त्यात माझं तिसरं.

मला अजूनही ती दुपार जशीच्या तशी आठवते. परमनंट झालेल्या मुलीने लाइनला पेढे वाटायचे आणि तिच्या बोर्डाला त्या दिवशी बाकीच्या पोरींनी रंगीत टेपचं तोरण बांधायचं, अशी आमच्याकडे पद्धत होती. तोरण बांधलं, ओरडा झाला, कँटीनच्या मामांनी मला दोनदा शिरा वाढला. पगार ठेकेदाराच्या पाकिटाच्या दुपटीहून जास्त, शिवाय पगाराची स्लिप, फंड, बस, सगळं. पत्र हातात मिळालं. शनिवारपर्यंत सही करून द्यायचं होतं. मी बसमधून उतरले ती तरंगतच. घरी आले, आईच्या तोंडात पेढा कोंबला आणि पत्र वाचून दाखवलं. तिने पेढा गिळला. मग म्हणाली, "स्लिप मिळणार म्हणायलीस?"

"हो, छापील!"

"मग कागदावर दिसणार सगळं."

माझ्या अजून काही लक्षात येईना. आईने पदराने तोंड पुसलं आणि खाली बसली. "अगं माय माझी, तुझा पगार कागदावर आला की माझा गेला. कार्ड गेलं. छायीची फी गेली. आन् सहा महिन्यांनी तुझ्या कंपनीनं तुला घरी धाडलं, मग? पुन्हा दोन वर्षं चपला झिजवायच्या मी? तवा आंगात रग होती. आता न्हाई व्हायचं मला."

तोरणाचा एक लाल तुकडा माझ्या वेणीत अडकून आला होता. छायाने तो काढून हळूच कपाळाला लावून पाहिला आणि माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं, मला हसवायला. मी तिच्यावरच खेकसले. मला आईचा असा राग आला होता, की काय सांगू! माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट झाली होती आणि ही तेलाचा हिशेब करत बसली होती.

दुसऱ्या दिवशी आप्पा भाडं मागायला आले. आईने त्यांना विचारलं. ते ओट्यावर टेकले, तंबाखू मळली आणि म्हणाले, "ह्यात इच्यारायचं काय? पोरीला सही करू दे, आन् कचेरीत न्हाई सांगायचं. गप ऱ्हायचं. आमी काय सांगितलं का कुनाला?" आईने भाडं मोजून दिलं. तिला आप्पांचं बोलणं पटलं नव्हतं, पण त्याचं कारण काही फार थोर नव्हतं. ती घाबरत होती. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका बाईचा पगार असाच लपवालपवीत पकडला गेला होता आणि तिला आधीचे सगळे पैसे परत भरायला लावले होते. आप्पा गेल्यावर आई मला म्हणाली, "तू सांग की तुझ्या साहेबाला, म्हणावं मला हाय तसंच ठिवा. ठेकेदाराकडंच बरी हाय मी."

आता इथे मला कबूल केलं पाहिजे, की मी तेव्हा आईचं कधीच ऐकायचे नाही. दोन वेण्या घाल म्हटलं की एक घालायची, लवकर ये म्हटलं की मुद्दाम शेवटची बस धरायची. पण त्या रात्री ती वायसरी कातरत बसली होती तेव्हा तिची बोटं मला दिसली. सुजलेली. आणि मला वाटलं, खरंच कंपनीने काढलं तर? हिला पुन्हा त्या कचेरीच्या पायऱ्या चढायला लावायच्या, ते माझ्या हौसेपायी? बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी पर्सनलच्या, म्हणजे कामगारांचं बघणाऱ्या, ऑफिसात गेले.

तिथे पाटणकर साहेब बसायचे. डोक्याला टक्कल, चष्मा कपाळावर, आणि समोर कायम कुणीतरी पगार वाढवा, रजा द्या, पाळी बदला म्हणून उभं. मी आत गेले, पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "साहेब, मला परमनंट करू नका."

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "काय म्हणालात?"

"मला परमनंट करू नका. पगार पण वाढवू नका. आहे तेवढा बरा आहे." आणि मी हात जोडले. का जोडले कुणास ठाऊक.

"अहो, चोवीस वर्षं झाली मला या खुर्चीत," ते म्हणाले, "पगार वाढवू नका म्हणणारी तुम्ही पहिल्या! बसा. लग्न ठरलंय का? सुपरवायझर त्रास देतो का?" मी नाही नाही म्हणत राहिले आणि मग भडाभडा सगळं सांगून टाकलं. आईचा पगार, कार्ड, फी, सगळं. त्यांनी चहा मागवला. मी रडत होते आणि चहा पीत होते, दोन्ही एकदमच. ते शांतपणे म्हणाले, "मंगलताई, मला त्या योजनांचे नियम पाठ नाहीत. पण एवढं सांगतो, हे तीन दिवे एका बटणावर नसतात. प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते. कुठलं जाईल, कुठलं नुसतं कमी होईल, कुठलं राहील, ते तिथे जाऊन विचारा. चाळीत विचारू नका. उद्या गुरुवार, सुट्टीच आहे. तुमचं पत्र शनिवारपर्यंत माझ्या ड्रॉवरमध्ये सुखरूप आहे."

पुढे मी स्वतः लाइन लीडर झाले, माझ्या हाताखाली पोरी आल्या, आणि दर वर्षी त्यातली एखादी माझ्याकडे येऊन हेच कुजबुजायची. मी तिला पाटणकर साहेबांचं हेच वाक्य ऐकवायचे. आता तर सगळं मोबाइलवर दिसतं म्हणतात. दिसतं, पण तिथेही लोक आधी चाळीतच विचारतात.

गुरुवारी मी आईला न सांगता तहसील कचेरीत गेले. निराधारच्या टेबलावरचे भाऊसाहेब पान खाऊन बोलायचे, त्यामुळे त्यांचे शब्द कमी आणि इशारे जास्त. पण माणूस मनाने वाईट नव्हता. मी एकेक विचारत गेले, ते सांगत गेले. मुलगी कायम नोकरीला लागली की आईचा पगार बंद, यात वाद नाही. कार्ड रद्द होत नाही, रंग बदलतो. पिवळ्याचं केशरी. धान्य मिळत राहतं, भाव थोडा चढतो. आणि शाळेची फी? त्यांनी पान गालात सरकवलं. "त्याची मर्यादा लय वर आहे. तुझा पगार तिथवर पोचायला तुला मॅनेजर व्हावं लागेल. दाखला नवीन काढ, खरा आकडा टाक, फी माफच राहील." मी घाबरत घाबरत शेवटचा प्रश्न विचारला, नोकरी गेली तर? ते म्हणाले, "नवा अर्ज करायचा. वेळ लागतो, ते काय मी नाकारत नाही. पण दार बंद होत नाही. लपवलं आणि सापडलं तर मात्र वसुली होते, आणि मग आम्हाला पण तोंड नसतं तुमचं काही करायला."

मी अक्षरशः पळत घरी आले. प्रेस बंद होता. आई दारात बसून ज्वारी निवडत होती. मी तिला हाताला धरून आत ओढलं आणि सगळं एका दमात सांगितलं. तिला काही ते पटेना. आकड्यांचं तिला वावडं. मग तीच उठली आणि फळीवरचे डबे खाली काढायला लागली. तेलाची बरणी, चहाचा डबा, साखरेचा डबा आणि साबणाची वडी. "हे माझ्या पगाराचं. हे जाणार?"

"जाणार."

"गहू-तांदूळ?" तिने दोन्ही डबे फळीच्या कडेवर ओढले.

"राहणार. थोडे महाग."

"मग हितंच ऱ्हाऊ दे, कडंवर." ती विचारात पडली. "आन् छायीची फी?" छायाने लगेच आपली कंपासपेटी नेऊन फळीवर मधोमध ठेवली आणि म्हणाली, "मी राहणार!" मग मी तेलाची बरणी उचलून परत वर ठेवली. चहा ठेवला. साखर ठेवली. साबणाची वडी ठेवली. "हे माझ्या वाढीव पगाराचं," मी म्हटलं. रिकामा पडलेला शेंगदाण्याचा डबा ठेवला. "हे पण." मग कोपऱ्यातली रॉकेलची बाटली ठेवली, मग आईच्या गुडघ्याच्या तेलाची, मग छाया दारातून चपला घेऊन आली, तेव्हा आई हसायला लागली. "आगं चपला कशाला फळीवर, सटवे!" पण मी बघत होते, तिची नजर सारखी पहिल्या चार डब्यांवर जात होती. फळी आधीपेक्षा भरलेली होती. हे तिला कळलं होतं. तरी ती म्हणाली, "सगळं खरं गं. पण ते माझं होतं. माझ्या नावानं यायचं."

मी तुला देईन ना, असं म्हणणार होते, पण देणं आणि येणं यातला फरक मला त्या वयातही समजत होता. मी चिडून म्हटलं, "बरं, राहू दे मग. तसंही मी काल साहेबांना सांगून आलेय."

"काय सांगून आलीस?"

"तू सांगितलंस तेच. मला परमनंट करू नका. चांगले हात जोडून सांगितलं."

आईने नुकतीच फळीवरून उचललेली कंपासपेटी खाली पडली, आतलं सगळं घरभर झालं. "हात जोडलेस?"

"मग काय करू?"

"नोकरी नको म्हणून हात जोडलेस? त्या साहेबाम्होरं?" तिचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता ही मारणार. "आगं, म्या त्या कचेरीत दोन वर्षं हात जोडले ते कशापायी? तुमाला कुणाम्होरं जोडाया लागू नयेत म्हणून! आन् तू माझ्या त्या चार डब्यांपायी…" ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली, आणि रडता रडता माझ्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला. "आजवर एकदा तरी ऐकलंस का माझं? दोन वेण्या घाल म्हणलं तर एक घालणारी तू! आन् नेमकं ह्येच बरं ऐकायचं सुचलं तुला!"

मग मीही रडले, आणि रडता रडताच सांगितलं, की पत्र अजून साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे, शनिवारपर्यंत. छाया पट्टी आणि कर्कटक शोधत खाटेखाली गेली होती, ती तिथूनच म्हणाली, "मी पण इथेच रडू, का बाहेर येऊन रडू?" आणि आम्ही तिघी अशा हसलो, की कोकणातल्या वहिनी वाटी न घेताच दारात येऊन उभ्या राहिल्या. आईने त्या दिवशी धपाटे केले, खरेखुरे, तिळाचे, आणि वहिनींना चार बांधून दिले. मला अजूनही ती चव जिभेवर आहे. त्याच्यापुढे पेढे काहीच नाहीत.

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आणि सकाळी आईने ट्रंक उघडली. आता ट्रंकेतल्या एका साडीबद्दल सांगायला हवं. आई दर वर्षी हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला द्यायला कचेरीत जायची. त्या दिवसासाठी तिने एक विटकी, खांद्यावर ठिगळ लावलेली साडी वेगळी ठेवली होती. रांगेतल्या सगळ्याच बायकांकडे तशी एकेक असायची. कुणी चांगलं लुगडं नेसून गेली तर साहेब म्हणतील, हिचं तर बरं चाललंय! ती साडी आई वर्षातून एकदाच नेसायची, घरी येऊन धुवायची, नीट घडी घालून, डांबराची गोळी टाकून पुन्हा ठेवायची. मला वाटलं, आजही तीच काढते. तिने ती बाजूला सारली आणि तळातून लग्नातली हिरवी इरकल काढली. सहा-सात वर्षं तिला हात लागला नव्हता. विधवा बाईने हिरवं नेसायचं नाही, असं चाळीत कुणी म्हणालंही असेल. आईने निऱ्या काढल्या, पदर घेतला आणि मला म्हणाली, "चल, तुझ्या भाऊसायबाला भेटू."

कचेरीत नेहमीसारखी रांग होती, विटक्या साड्यांची. सगळ्या आईकडे वळून बघायला लागल्या. भाऊसाहेबांनीही बघितलं. "बोला मावशी, काय अडचण?"

"अडचण काय न्हाई. माझा पगार बंद करा."

भाऊसाहेबांचं पान चावायचं थांबलं. त्यांनी खण उघडला, बंद केला, दुसरा उघडला. "मावशी, सुरू करायचा फॉर्म आहे. बंद करायचा फॉर्म नाही आमच्याकडे. आपल्याकडे पगार दोनच तऱ्हेने बंद होतो. एक तर बाई वर जाते, नाहीतर तपासणीत सापडते. आपणहून बंद करा म्हणून इथे कुणी आलेलं मी तरी पाहिलं नाही. तुमचं कशात धरू?"

"तिसऱ्यात धरा," आई म्हणाली.

शेजारच्या टेबलावरचे हसले, मग भाऊसाहेबही हसले. त्यांनी कोरा कागद घेतला आणि लिहायला सुरुवात केली. नाव, गाव, पगार कधीपासून. मग पेन थांबवून विचारलं, "कारण काय लिहू? उत्पन्न वाढल्यामुळे?"

आईने पदर सावरला. दोन वर्षांत त्या टेबलासमोर तिने कितीतरी कारणं सांगितली होती, नवरा वारला, जमीन नाही, मुलगा नाही, कुणी बघणारं नाही, आणि दर वेळी कुणीतरी ती आपल्या शब्दांत लिहून घेतली होती. आज ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "लिवा. लेक कमावती झाली."

त्यांनी लिहिलं, "मुलगी कमावती झाल्याने."

"वाचा."

त्यांनी वाचलं.

"मुलगी न्हाई. लेक लिवा, म्या सांगितलं तसं. आन् अजून एकदा वाचा, मोठ्यानं."

भाऊसाहेबांनी निमूट खोडलं, लिहिलं आणि खुर्चीतून अर्धवट उठून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं वाचलं. मी खिडकीकडे तोंड केलं. आईने वर्षानुवर्षं गिरवून बसवलेली आपली सही केली, पाच मिनिटं लावून, आणि खाली टिंब दिलं.

आम्ही बाहेर आलो, तर रांगेतल्या बायकांनी आम्हाला घेरलं. त्यातली एक म्हातारी, आईच्या ओळखीची, दर वर्षी तिच्या पुढेमागे उभी राहणारी. तिने आईचा चेहरा बघितला, ती हिरवी साडी बघितली आणि हात धरून विचारलं, "का गं शेवंता, वाढला का पगार? एवढी हसायलीस ती?"

"न्हाई गं माय," आई म्हणाली, आणि इतक्या मोठ्याने म्हणाली, की आतले भाऊसाहेबसुद्धा दारात आले. "बंद झाला! माझा पगार बंद झाला!"